तीन बाइटांचा भुर्दंड

लहान यंत्रात मराठीला जागा नाही, हा युक्तिवाद इतका रूढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. मीटर, पंपाचे नियंत्रक, तिकिटाचे यंत्र यांच्या पोटातील चिमुकल्या संगणकाची स्मृती तुटपुंजी असते, हे खरे. आर्डुइनो उनोसारख्या सुपरिचित बोर्डावर चालू कामासाठी अवघे २,०४८ बाइट मिळतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ या सर्वाधिक प्रचलित पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. रोमनमध्ये तोच ११ बाइटांत मावतो. एवढे गणित मांडले की देवनागरी वगळण्याच्या निर्णयावर शास्त्राचा शिक्का बसतो!

परंतु हा दोष लिपीचा नव्हे. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीचे चिन्ह एकाच बाइटात बसत होते. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ रचली, तेव्हा जुन्या रोमन मजकुराला धक्का लागू नये म्हणून एका बाइटाची जागा त्याच्यासाठी राखली गेली. सर्व लिप्यांना एका संकेतात आणणे मोलाचेच आहे. प्रश्न आहे तो त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हा. मोबाइलच्या १४० बाइटांच्या लघुसंदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, देवनागरीची चिन्हे ७०. जेथे संदेशागणिक दर आकारला जातो, तेथे शंभर चिन्हांच्या मराठी निरोपाला दोन संदेशांचे पैसे पडतात.

यावर उपाय नाही काय? युनिकोडच्याच प्रमाणित संक्षेपपद्धतीत देवनागरीसाठी आरंभापासून एक खिडकी राखलेली आहे. खुणेचा एक बाइट दिला की पुढे दर चिन्हाला एकच बाइट पुरतो. ‘महाराष्ट्र’ ११ बाइटांत, रोमनइतकाच! लहान यंत्रांसाठी घडवलेली मायक्रोपायथन ही भाषा मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवते. त्यात विसावे चिन्ह शोधायचे तर पहिल्यापासून मोजत जावे लागते. पण असे काम मीटरला कितीदा पडते? मजकूर साठवणे, जोडणे, ताडून पाहणे, पाठवणे ही त्याची नित्याची कामे चिन्हे न मोजताही उरकतात. ठरावीक सूचना तर उनोच्या ३२ किलोबाइटांच्या कायम स्मृतीत ठेवता येतात. तरीही मायक्रोपायथनची बांधणी करताना युनिकोड गाळण्याची मुभा आहेच. ती वापरणे ही निर्मात्याची निवड असते, यंत्राची सक्ती नव्हे.

जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटवण्याचा खर्च मात्र खरा आहे. तो प्रत्येक कारखान्याने स्वतंत्रपणे करावा आणि परवडत नाही म्हणून ग्राहकावर रोमन लादावी, यापेक्षा अक्षरांचे तयार संच सार्वजनिक पैशाने घडवून सर्वांना खुले करणे अधिक काटकसरीचे नाही काय? जनतेच्या पैशाने खरेदी होणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या निविदेत देवनागरीची अट घालावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. ज्या काटकसरीची किंमत नेहमी दुबळ्यानेच मोजायची, तिला काटकसर म्हणत नाहीत.