तक्रार नाही, म्हणजे त्रास नाही?

‘यंदा एकही तक्रार आलेली नाही.’ अंतर्गत समितीच्या वार्षिक अहवालात हे वाक्य मोठ्या समाधानाने लिहिले जाते. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी कामगार बायकांबरोबर काम करते आहे आणि काही समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. असा कोरा अहवाल समोर आला की मला काळजी वाटते. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की बोललेले परवडणार नाही हे बायकांनी ओळखले आहे.

हा कायदा कोणी दयेने दिलेला नाही. बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केले म्हणून राजस्थानातल्या भटेरी गावच्या साथिन भंवरीदेवी यांच्यावर १९९२ साली सामूहिक बलात्कार झाला. स्त्री संघटना न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा निकाल आला आणि कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. आज दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी आणि खुद्द मालकाविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. पण चौकशी सुरू होते ती बाईने लेखी तक्रार दिल्यावर, तीही साधारण तीन महिन्यांच्या आत. त्याआधीचा त्रास ओळखायचा कोणी?

एका शिवणकारखान्यात भिंतीवर फलक होता, समिती होती, तक्रार नव्हती. ‘छळ होतो का?’ या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर, ‘नाही ताई.’ मग आम्ही मोठ्या कागदावर कारखान्याचा नकाशा काढायला सांगितला आणि एकटीने जायला नको वाटते तिथे टिकली लावा म्हटले. टिकल्या तीन ठिकाणी गोळा झाल्या: कापडाचे गोदाम, संडासाकडे जाणारा अंधारा जिना आणि सुपरवायझरचे टेबल. बोलता बोलता उलगडा झाला. लघवीला जायचे तर सुपरवायझरची परवानगी लागे आणि दर वेळी त्याचा एखादा घाणेरडा शेरा ऐकावा लागे. तो टाळायला बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. लघवीच्या जळजळीची तक्रार दवाखान्याला ठाऊक होती. ओव्हरटाइम मर्जीतल्यांनाच मिळतो, ही तक्रार युनियनला ठाऊक होती. दोन्हींच्या मुळाशी एकाच माणसाच्या हाती दिलेली सत्ता आहे, हे कोणी जोडून पाहिले नव्हते.

बायकांनी मिळून, एकीचेही नाव पुढे न करता, मागण्या मांडल्या: परवानगीची पद्धत बंद करा, लाइनवर बदली बाई ठेवा, जिन्यात दिवा लावा, गोदामात दोघींना पाठवा. बऱ्याचशा मान्य झाल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी पहिली लेखी तक्रार आली. व्यवस्थापक म्हणाले, ‘तुम्ही आल्यापासून वातावरण बिघडले.’ माझ्या मते ते तेव्हाच सुधारू लागले होते.

काही मैत्रिणींचा आक्षेप असतो, की अशाने चर्चा दिव्याबत्तीवर जाते आणि छळणारा पुरुष सुटतो. मला हे पटत नाही. नकाशा काढला म्हणून चौकशी टळत नाही. उलट ती मागायचे बळ येते. शिवाय कामाची जागा सुरक्षित ठेवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे, तक्रार येवो वा न येवो.

घरकामगार बाईचे काय? तिच्याबरोबर काम करणारी दुसरी कोणी नाही आणि कामाची जागा म्हणजे परक्याचे बंद दार. तिच्यासाठी हे काम वस्तीतल्या बैठकीतच व्हायला हवे. आणि तिने जायचे ती स्थानिक समिती? प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, समिती स्थापन करा, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

तेव्हा आपल्या गटांनी दोन कामे हाती घ्यावीत. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन समितीच्या अध्यक्षा कोण, तक्रार कुठे द्यायची, हे लेखी विचारावे आणि मिळालेले उत्तर वस्तीत लावावे. दुसरे, समितीवर बसणाऱ्या प्रत्येकीने अहवालावर सही करण्याआधी विचारावे: तक्रारी किती आल्या ते कळले, पण आपण बायकांकडे गेलो किती वेळा?