दोन घरची मावशी आणि आपला हिशेब

तलासरीत नोकरीला असलेल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे आम्ही मुक्कामाला होतो. तो शाळेत शिक्षक, पत्नी आरोग्य केंद्रात परिचारिका. दोघे मराठवाड्यातले, चळवळीच्या घरातले. भिंतीवर बाबासाहेब, कपाटात खंड. सकाळी आठला पाड्यावरून एक वारली बाई आली, दीड वर्षाचे पोर तिने कडेवर घेतले आणि दोघे कामावर गेले. शाळा सकाळची. शिक्षक एकला घरी परतले की हीच मावशी दोन गल्ल्या पलीकडे एका बँक कर्मचाऱ्याच्या घरी जाते, तिथले मूल दीडपासून सहापर्यंत सांभाळते.

पगार कसा देता, आम्ही विचारले. "हातावर देतो. ती काही आपली पूर्णवेळ नाही, तिला दुसरे घर आहे. शिवाय जेवण देतो, जुन्या साड्या देतो." सुटीचे विचारले तर, "ते ती तिकडे बघते." तिकडे विचारले असते तर हेच उत्तर मिळाले असते. दिवसाला साडेनऊ तास राबणारी बाई दोन्ही घरांच्या हिशेबात अर्धवेळ!

बांधवांनो, जेवण आणि जुने कपडे हे मजुरीत धरणे आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्यापणज्यांना याच हिशेबाने राबवले गेले. कामाला वेळ नाही, मजुरीला दर नाही, वर भाकर आणि उतरलेले कापड. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. पुढे मजूरमंत्री असताना आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला आणि १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचाच १९४८ साली कायदा झाला. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो, घरी आलो की विसरतो.

आणि हे कुठे घडते आहे? तलासरी तालुक्यातील झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असे त्यांनी ठरवले. रोज बारा आणे रोख दिल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर पाय ठेवायचा नाही, हा त्या लढ्यातला निर्धार होता. त्याच ऑक्टोबरात त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. ज्यांच्या आजोबांनी रोख मजुरीसाठी रक्त सांडले, त्यांच्या नातीला आम्ही साडीचा हिशेब सांगतो आहोत. तेव्हाचा सावकार परका होता, एवढाच फरक.

एक गोष्ट सहकाऱ्याला बोललो नाही, येथे लिहितो. आदिवासी क्षेत्रात काम केल्याबद्दल ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने कर्मचाऱ्याला एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ मिळतो. महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत वाढतो. तो थकला तर संघटना निवेदन देते. मावशीचा दर मात्र पोर रांगत होते तेव्हाचाच आहे. आता पोर धावते.

बँक कर्मचाऱ्याची अडचण वेगळी. खात्यावर टाकले तर इन्कम टॅक्सचे लफडे होईल, असे तो म्हणतो. बँकेतल्या माणसाने असे म्हणावे! दोन्ही घरांचे मिळून महिन्याला नऊ हजार धरले तरी वर्षाचे १ लाख ८ हजार होतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य आहे. मावशीला भीती आहे ती लाडकी बहीण बंद होण्याची. ती भीती खरी आहे, तिची थट्टा करू नये. पण त्या योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांची आहे. घरात आणखी कोण किती कमावते ते तिच्यासोबत बसून मोजावे. खात्यावरची नोंद हाच उद्या तिचा पुरावा असतो.

हिशेब अवघड नाही. दुकाने व आस्थापनांतील अकुशल कामगारासाठी शासनाने जाहीर केलेला दिवसाचा किमान दर घ्या, आठाने भागा, तासांनी गुणा. एका घराचे पाच तास, दुसऱ्याचे साडेचार. वर जो दीड तास जातो, त्याचा जादा दर दोघांनी वाटून घ्यावा. आठवड्याची सुटी दोन्ही घरांनी एकाच दिवशी द्यावी, नाहीतर ती सुटीच नव्हे. आजारपणाचे आणि दिवाळीचे पैसे तासांच्या प्रमाणात. आणि जेवण हे जेवणच, मजुरी नव्हे.

२०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, अपमानास्पद झडती झाली. आपल्या लेकीचा अपमान म्हणून निषेध झाला, तो योग्यच होता. पण आरोप होता घरकाम करणाऱ्या बाईला कबूल केल्यापेक्षा कमी पगार दिल्याचा. पुढे मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर ते आरोपपत्र रद्द झाले. तेव्हा त्या दुसऱ्या बाईच्या पगाराबद्दल आमच्यापैकी किती जणांनी विचारले? आम्हीही विचारले नव्हते.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्या कायद्याने मंडळ दिले, मजुरीचा दर दिला नाही. तरी १८ ते ६० वयाच्या बाईला नोंदणी करता येते. त्यासाठी मालकाचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमके तिथेच गाडे अडते. सही केली तर उद्या काही अंगावर येईल, म्हणून पहिले घर दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि दुसरे पहिल्याकडे. मावशीचा अर्ज आम्ही पाहिला. घडी घालून ब्लाउजच्या पाकिटात ठेवलेला, घामाने मऊ झालेला, मालकाच्या सहीची जागा कोरी.

निघताना सहकाऱ्याने त्यावर सही केली. दुसऱ्या घराची बाकी आहे. १४ एप्रिलच्या वर्गणीसाठी तलासरी-डहाणूतील नोकरदारांची दारे ठोठावणाऱ्या कार्यकर्त्यांनी पावतीपुस्तकाबरोबर हा अर्जही सोबत ठेवावा.