ऋतूंवरचा भरवसा

यंदा, २०२५ साली, पाऊस कुणाच्याच हिशेबात बसला नाही. एरवी १ जूनच्या आसपास केरळात पोचणारा मोसमी पाऊस २४ मे रोजीच तिथे दाखल झाला आणि दोन दिवसांत मुंबईत उतरला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद हवामान खात्याच्या दप्तरात याआधी नव्हती. रोहिणी नक्षत्र जेमतेम लागलेले, मृगाला बारा-तेरा दिवस अवकाश, आणि शिवारात उन्हाळी कांदा भिजत पडलेला. पुढे सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर भागात आभाळ फाटले. सीनेकाठची गावे पाण्यात गेली, काढणीला आलेले सोयाबीन जागच्या जागी कुजले, आणि कित्येक शेतांत तर पिकाखालची मातीच खरवडून वाहून गेली.

अशा वर्षीच्या दिवाळी अंकाचा विषय ‘ऋतू, कविता आणि श्रद्धा’ असावा का, हा प्रश्न अंकाच्या तयारीत अनेकदा निघाला. ज्यांच्या घरात चिखल शिरला, त्यांच्यापुढे श्रावणाचे कौतुक काय मांडायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मराठी कवितेच्या चरित्राकडे पुन्हा पाहावे लागले, आणि तिथे जे दिसले त्यामुळेच हा विषय कायम राहिला. मराठीत ऋतूंवर ज्यांनी भरवसा टाकला, त्यांतल्या अनेकांना ऋतूंचा कोपही घरातच भेटला होता.

तुकोबांपासून सुरुवात करावी. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. देहूच्या या वाण्याचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, पाठोपाठ मुलगाही गेला. आभाळाने असे सर्वस्व नेल्यावर माणसाने निसर्गाकडे पाठ फिरवली असती तर त्यात नवल नव्हते. तुकोबा मात्र भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले. झाडावेलींना आणि पाखरांना सोयरे म्हणणारा त्यांचा अभंग आज पर्यावरण दिनाच्या फलकांवर सर्रास दिसतो. त्याच्यामागे उपाशी मेलेली दोन माणसे आहेत, हे त्या फलकावर लिहिलेले नसते.

असेच काहीसे खानदेशात आढळते. जळगाव शहर मध्ये धरून नकाशावर पाहिले, तर मराठीतल्या ऋतूंच्या कवितेचे तीन मोठे उगम त्या एका परिसरात सापडतात. जळगावला लागून आसोदे, पश्चिमेला धरणगाव, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगराकडे पळसखेडे. मुलूख उन्हाचा. काळी कसदार जमीन, कापूस, ज्वारी, केळी. उन्हाळ्यात पारा चढला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही.

आसोद्यात १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आले, पदरात तीन मुले होती. प्लेगच्या साथीत एका मुलाला कायमचे अपंगत्व आले. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे हात चालायचे आणि त्याबरोबर लेवा गणबोलीत गाणे जुळायचे. ती गाणी मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक जमेल तशी टिपून ठेवत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आपले पुस्तक त्यांनी पाहिलेच नाही.

या गाण्यांत पेरणी आहे, कापणी आहे, मळणी आणि उपणणी आहे, मोट आहे, सुगरणीचा खोपा आहे. मातीखाली दडलेले बी कोंब धरून वर येते, तेव्हा बहिणाबाईंना त्यात देव दिसतो. आणि तो देव त्यांना राबणाऱ्या हाताइतकाच जवळचा वाटतो. भविष्य सांगायला दारात आलेल्या ज्योतिषाला मात्र त्या परत पाठवतात. कपाळाचे कुंकू गेले तरी मनगटातले बळ शाबूत आहे, मग हातावरच्या रेषा कुणी कशाला वाचायच्या, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. बियाण्यावर विश्वास आणि भाकितावर अविश्वास, या दोन गोष्टी एकाच बाईच्या मनात इतक्या सहज नांदतात, म्हणून तिची श्रद्धा दैववादापासून वेगळी ओळखता येते. नशिबाला शरण गेलेला माणूस पेरणी करत नाही. बहिणाबाई पेरत राहिल्या.

धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात पोरसवदा वयात उभे राहिले आणि तिथून ‘बालकवी’ होऊन बाहेर पडले. त्यांचा श्रावण, त्यांची फुलराणी, त्यांचा निर्झर मराठी शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाठ झाला. त्यामुळे बालकवी म्हणजे निखळ आनंद, अशी एक सोपी समजूत रुजली. पण ‘औदुंबर’ आणि ‘पारवा’ याच कवीचे आहेत. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवरचा एकाकी पारवा आणि पाण्यात पाय सोडून बसलेले ते गूढ झाड ज्याने पाहिले, त्याला काळोख ठाऊक नव्हता असे कसे म्हणता येईल? ५ मे १९१८ रोजी जळगावच्या पुढच्याच भादली स्टेशनात रेल्वेच्या अपघातात ते गेले. वय अवघे सत्तावीस. त्यांच्या हिरवळीवर उन्हाबरोबर सावलीही पडलेली आहे, आणि म्हणूनच शंभर वर्षांनंतर ती वाळलेली नाही.

तिसरे ना. धों. महानोर. १९४२ साली पळसखेड्यात जन्म. शिक्षणासाठी जळगावला गेले, पण परतून शेती धरली. १९६७ मध्ये ‘रानातल्या कविता’ आल्या आणि मराठी कवितेत ओल्या मातीचा, पिकाने भरलेल्या रानाचा, अंगात भिनणाऱ्या पावसाचा एक नवाच सूर ऐकू येऊ लागला. पुढे ‘जैत रे जैत’ या चित्रपटाच्या गाण्यांनी तो घराघरांत पोचला. पाऊस आवडतो एवढे म्हणून महानोर थांबले नाहीत. तो अडवायचा कसा, जिरवायचा कसा, यासाठी ते आयुष्यभर झटले. १९७२च्या दुष्काळाची होरपळ पाहिलेल्या या कवीने स्वतःच्या शिवारात पाणलोटाची कामे केली आणि विधान परिषदेत शेती-पाण्याचे प्रश्न लावून धरले. ज्या संग्रहासाठी त्यांना २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नाव ‘पानझड’. बहराचा कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाने झाडाची पाने गळण्यालाही आपल्या आयुष्यात मानाची जागा दिली. ३ ऑगस्ट २०२३ रोजी, ऐन पावसाळ्यात, ते गेले.

या तिघांच्या मागे एक जुने, निनावी शास्त्र उभे आहे: शेतकऱ्याची नक्षत्रांची दिनदर्शिका. सूर्य एका नक्षत्रात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनला मृग लागला की पेरणीची घाई, मग आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरअखेरीस सोंड हलवत येणारा हस्त. त्याच हस्ताच्या हत्तीभोवती फेर धरून मुली भोंडल्याची, हादग्याची गाणी म्हणतात. नवरात्रात पत्रावळीवर शेतातली माती पसरून घट बसतो आणि त्यात धान्य पेरले जाते. कोणते बी कसे उगवले, यावरून जाणती माणसे रब्बीचा अंदाज बांधत. दसऱ्याला तेच कोवळे धन टोपीत खोवले जाई. पूजा आणि बियाण्याची पारख, दोन्ही एकाच पत्रावळीवर. इथे श्रद्धेचा पाया निरीक्षणाचा होता.

निरीक्षणाचा हा संस्कार शहरातही टिकवता येतो, हे दुर्गा भागवतांनी दाखवले. मध्य प्रदेशातील आदिवासी भागात संशोधन करताना विषबाधा झाली आणि त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले. १९५६ साली ‘ऋतुचक्र’ आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचा हा वेध मुंबईत राहणाऱ्या एका विदुषीने घेतलेला आहे. कोणत्या महिन्यात कोणते झाड पाने टाकते, कुठल्या फुलाचा रंग उन्हात कसा बदलतो, याची इतकी बारीक नोंद मराठी गद्यात त्याआधी झाली नव्हती. आणि याच दुर्गाबाई आणीबाणीत, १९७५च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. पानाफुलांत रमणे म्हणजे जगाच्या कटकटींतून पळ काढणे, असे म्हणणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

बेळगावच्या इंदिरा संतांचेही तसेच. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले. त्यानंतरच्या ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ या संग्रहांत पाऊस, संध्याकाळ, गवतफुले पुन्हा पुन्हा येतात. त्यांना हाक मारूनच या कवयित्रीने आपले दुःख बोलते केले आणि मुलांसह आयुष्य उभे केले.

या वर्षी मारुती चितमपल्लीही गेले. सोलापूरच्या या वनाधिकाऱ्याने नोकरीची बरीच वर्षे विदर्भाच्या जंगलांत काढली, आदिवासींकडून, पारध्यांकडून, कोळ्यांकडून पाखरांची, झाडांची, माशांची नावे गोळा केली आणि पक्षिकोश, वृक्षकोश, मत्स्यकोश मराठीच्या हवाली केले. कावळ्याने घरटे कुठल्या झाडावर, कुठल्या दिशेला बांधले यावरून पावसाचा अंदाज घेणारी लोकपरंपरा त्यांच्यामुळे शहरी वाचकाला कळली. असे ठोकताळे शास्त्राच्या कसोटीवर किती उतरतात, हा वेगळा अभ्यास आहे. त्यासाठी कुणीतरी आधी कावळ्याचे घरटे पाहिले पाहिजे, आणि पाहणारे लोक आता कमी होत चालले आहेत. १८ जून २०२५ रोजी, पद्मश्रीच्या सन्मानाला काही महिने झाले असताना, चितमपल्ली गेले. त्यांनी जपलेले शब्द वापरात ठेवण्याची जबाबदारी आता मराठी वाचकाची आहे.

कारण ऋतू बदलत आहेत, हे मान्य केल्यावाचून ऋतूंवर श्रद्धा ठेवता येणार नाही. हवा तापते तशी तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते. म्हणून कोरडे दिवस लांबतात आणि पडतो तेव्हा पाऊस मोजक्या तासांत कोसळतो. मृगावर डोळे लावून केलेली पेरणी वाया जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर येते. आजोबांच्या ठोकताळ्यांचा मेळ नातवाच्या शिवाराशी बसेनासा झाला आहे. अशा वेळी जुन्या दिनदर्शिकेला कवटाळण्यापेक्षा ती ज्या नजरेतून घडली, ती नजर पुन्हा कामाला लावणे हिताचे. भारतात ‘सीझनवॉच’ नावाच्या उपक्रमात शाळकरी मुले आणि सामान्य नागरिक आपल्या दारातल्या झाडाला पालवी, फूल, फळ कधी येते याची नोंद करतात. आंब्याचा मोहोर आणि बहाव्याचा बहर कसा सरकतो आहे, हे पुढच्या पिढीच्या शास्त्रज्ञांना अशाच नोंदींतून समजेल.

वाहून गेलेली माती कवितेने परत येत नाही, हेही इथे स्पष्ट म्हटले पाहिजे. शेतात पुन्हा गाळ भरायला पैसा लागतो, पंचनामे वेळेत व्हावे लागतात, विम्याची आणि मदतीची रक्कम खात्यात पडावी लागते. ती मागणी या अंकाची आहेच, आणि ती निःसंदिग्ध आहे. दिवाळीच्या तोंडावर मराठवाड्यातला जो शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहत आहे, घात साधली तर हरभरा टाकू म्हणून उसनवारीने बियाणे आणतो आहे, त्याला आशावादाचे धडे देण्याची कुणाची पात्रता नाही. त्याच्याकडून शिकण्याजोगे मात्र पुष्कळ आहे. खरीप डोळ्यांदेखत गेल्यावर रब्बीचा विचार करणारे ते मन, आणि बहिणाबाईंच्या गाण्यातले मन, एकाच मातीतले आहे.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या सणात वाचनाचा फराळ आला. ११६ वर्षांनंतरही ती परंपरा हौसेने चालू आहे. या अंकात बाराही महिन्यांवर एकेक लेख आहे. तो त्या त्या महिन्याशी ज्याचे पोट बांधलेले आहे अशाच माणसाकडून घेतला आहे: आषाढावर भातलावणी करणारी बाई, आश्विनावर मेंढपाळ, माघावर आंब्याचा बागायतदार, ज्येष्ठावर जाळी दुरुस्त करत बसलेला कोळी. पूरग्रस्त गावांतल्या शिक्षकांनी पाठवलेली मुलांची पत्रे आहेत. खानदेश, कोकण, विदर्भ, गोवा आणि बेळगाव इथल्या कवींच्या नव्या कविता आहेत, आणि त्यांत पावसावर रागावलेल्या कवितांनाही जागा आहे.

वाचकांना यंदा एक विनंती. या कार्तिकापासून पुढच्या आश्विनापर्यंत घराजवळचे एक झाड निवडावे आणि त्याची पानगळ, पालवी, मोहोर, फळ, त्यावर येणारी पाखरे यांची तारखेनिशी नोंद ठेवावी. भाषेची चिंता नको. आगरी, अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, जी घरात बोलली जाते तीच चालेल. झाडाचे आणि पाखराचे गावाकडचे नाव मात्र आवर्जून लिहावे. आलेल्या नोंदींतून पुढच्या दिवाळीला एक स्वतंत्र विभाग करण्याचा विचार आहे.