चिमूटभर मिठाचा प्रश्न

हुबळी-धारवाडकडील पुष्कळ जुन्या घरांप्रमाणे आमच्याही घरी खडेमिठाचा मान मोठा. कुमठा तालुक्यात, गोकर्णाजवळ साणीकट्टा येथे मिठागरे आहेत. घाटाखालून येणारे तेच खरे मीठ आणि पुड्यातील बारीक मीठ म्हणजे कारखान्यातील भुकटी, असे आमच्या आजीचे ठाम मत. "मीठ समुद्राचे, मग समुद्राचे सारे सत्त्व त्यात असणारच," हा तिचा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. आयोडीनपुरता तरी तो खरा नाही. १ लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आयोडीन मात्र १ मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास. मीठ पिकल्यावर उरणाऱ्या कडू पाण्याबरोबर त्यातीलही बरेचसे निघून जाते.

प्रौढ मनुष्यास आयोडीन लागते तरी किती? दररोज १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मी मांडून पाहिला. एकूण ४ ग्रॅमही भरत नाही! तथापि एवढे न मिळाल्यास गळ्यातील अवटु ग्रंथी सुजून गलगंड होतो. गलगंड निदान डोळ्यांना दिसतो. गर्भवती मातेस आयोडीन कमी पडल्यास बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते, ती कोणास दिसत नाही. पुढे शाळेत त्या मुलास 'मठ्ठ' म्हणून हिणविले जाते, एवढेच.

आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त व काही गावांना साधे मीठ पुरविले. आयोडीन मिळालेल्या गावांत गलगंड ओसरू लागला. १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो याच बळावर.

खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावरील देशव्यापी बंदी २००० साली उठली व १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. ज्या अंकोल्यात १९३० साली मिठाचा कायदा मोडला गेला, त्याच किनाऱ्यावरील मिठावर पुन्हा कायद्याचा अंकुश यावा, हे मनास बोचते खरे. परंतु परकीय सरकारला गरिबाच्या मिठातून महसूल हवा होता. आजच्या नियमाने त्याच गरिबाच्या मुलाची बुद्धी राखली जाते. म्हणून बंदी असावी, असेच माझे मत आहे. मात्र लहान मिठागरवाल्यास आयोडीन मिसळण्याचे यंत्र व द्रव्य सरकारने पुरवावे. नुसता दंड करून त्याचा धंदा बुडवू नये.

आजीशी तूर्त तह झाला आहे. आमटी-भाजीत आयोडीनयुक्त मीठ, लोणच्याच्या बरणीत खडेमीठ. दमट हवेने आयोडीन घटते, तेव्हा पुडा फोडल्यावर मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे, हेही तिला पटले आहे. त्या बरणीत ओला चमचा घालण्याची तिची सवय मात्र अद्याप सुटलेली नाही.