गळाचा छंद आणि नियमांचे जाळे

कामाच्या रगाड्यातून सुटलेल्या माणसाला घटकाभर विरंगुळा हवा असतो. कोणी भजनात रमतो, कोणी क्रिकेटच्या मैदानावर धाव घेतो, तर कोणी हाती गळाची काठी घेऊन पाण्याच्या कडेला निमूटपणे बसतो. आमच्या गोडादरा भागात खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडील गावे मागे राहिली. परंतु तापी मागे राहिली नाही. मुलताईस उगम पावून सुमारे 724 किलोमीटरचा प्रवास करणारी ही नदी खानदेश ओलांडून सुरतेसच येते. ज्या नदीत आजोबांनी बालपणी गळ टाकला, तिच्याच खालच्या अंगाला आज नातू राहतो. त्या नातवाने गळ टाकावा की नाही, आणि टाकावयाचा तर कोणत्या नियमाने, या प्रश्नाचे सरळ उत्तर त्यास मिळावयास नको काय? ते मिळावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हा छंद साहेबाने आणला, अशी एक समजूत आहे. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळाची दोरी आणि काठी यांची चर्चा त्यात आढळते. अलीकडच्या काळात मुंबईच्या पवई तलावावर 1936 साली बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन स्थापन झाली, आणि 1955 साली तिची जागा महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनने घेतली. सारांश, राजापासून कारकुनापर्यंत अनेकांनी या शांत खेळात आनंद मानला आहे.

परंतु आज गळ टाकू इच्छिणाऱ्या मनुष्याची स्थिती काय आहे? आपल्या राज्यघटनेने नदी-तलावांतील मत्स्यव्यवसाय हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. महाराष्ट्राचा कायदा 1960 चा, तर गुजरातचा 2003 चा. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचे पाणी गुजरातेतून थेट नंदुरबार जिल्ह्यात पसरले आहे. पाणी एक, मासा एक, पण कायदे दोन! माशाला सीमा ठाऊक नसते, हे खरे; परंतु गळ टाकणाऱ्याला ती ठाऊक असावी अशी अपेक्षा असते. त्यातून जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासे धरण्याचा हक्क ठेकेदाराचा किंवा सहकारी संस्थेचा, शहरातील तलाव महापालिकेचा, आणि अभयारण्य असेल तर तेथे वन्यजीव कायद्याचा अंमल. इतक्या दारांतून कोणते दार ठोठवावे, हे सुशिक्षितासही उमगत नाही. मग कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगारास ते कसे उमगावे? नियम न कळल्याने भला माणूस नकळत गुन्हेगार ठरतो, आणि लबाड मनुष्य त्याच अंधाराचा आडोसा घेतो.

नियमच नकोत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नद्यांना पूर आला म्हणजे अंडी घालतात. त्या वेळी धरलेली एक मादी म्हणजे पुढच्या सहस्रावधी पिलांचा नाश होय. समुद्रातील यांत्रिक नौकांना जून-जुलैत बंदी असते, तिचे तत्त्व हेच आहे. पाण्यात सुरुंग उडविणे व विष कालविणे हे तर इंग्रज सरकारनेही 1897 च्या कायद्याने गुन्हा ठरविले होते. असे नियम कडक असावेत. मात्र ते सुबोधही असावेत. कडकपणा आणि क्लिष्टपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे गोड्या पाण्यात गळ टाकण्यास सरकारी परवाना लागतो. 13 वर्षांखालील मुलांस तो लागत नाही, आणि 13 ते 16 वर्षांच्या मुलांस तो 2017 पासून विनामूल्य मिळतो. सामान्य जातींच्या माशांसाठी नद्यांवर 15 मार्च ते 15 जून हा बंदीचा काळ असतो. खाजगी काठावर मालकाची अनुमती निराळी घ्यावी लागते; पण मूळ नियम शाळकरी मुलालाही समजतो.

आपल्याकडेही एका पानात मावतील एवढे नियम पुरेत. एका मनुष्यास एक काठी. पावसाळी विणीच्या काळात पूर्ण बंदी. ठराविक लांबीहून लहान मासा परत पाण्यात. दिवसाकाठी घरापुरतेच मासे आणि त्यांची विक्री नाही. सुरुंग, विष व विजेचा झटका यांस कठोर शिक्षा. ही पाटी गुजराती, मराठी व हिंदीत प्रत्येक जलाशयावर लावावी, आणि परवाना एकाच कचेरीत मिळावा. दोन्ही राज्यांनी निदान तापीपुरते तरी बंदीचे दिवस आणि माशांची मापे एक ठेवावीत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हौशी लोकांची झुंबड उडून भोई आणि आदिवासी बांधवांच्या पोटावर पाय येईल. हा आक्षेप वजनदार आहे. ज्याचे घर मासळीवर चालते, त्याचा हक्क आधी, छंद त्यानंतर. म्हणूनच विक्रीस मनाई हवी, आणि परवान्याच्या पैशाचा वाटा त्या जलाशयावरील मच्छीमारांच्या संस्थेस मिळावा. दुसरा आक्षेप जीवदयेचा. आमच्यांतील कित्येक घरांत तुळशीची माळ आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु नदीतील मासे टिकावेत ही इच्छा माळकऱ्याची आणि गळ टाकणाऱ्याची सारखीच असावयास हवी. कर्नाटकात कावेरीवरील अभयारण्यात गळाचा खेळ बंद झाला, तेव्हा काठावर राखण करणारे डोळे कमी झाले, अशी चिंता काही मत्स्यतज्ज्ञांनी 2013 साली ‘करंट सायन्स’ नियतकालिकात व्यक्त केली. ज्याला नदीत रस असतो, तोच तिच्यावर लक्ष ठेवतो.

विद्यार्थिमित्रांनो, कायदा बदलणे आपल्या हाती नाही; परंतु काही गोष्टी आहेत. वडीलधाऱ्यांवाचून तापीच्या काठी जाऊ नका. परवानगी विचारल्यावाचून कोणत्याही तलावात गळ टाकू नका. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका. तीत पाखरांचे पाय अडकतात. आणि आजोबांना त्यांच्या गावच्या नदीतील माशांची नावे विचारून वहीत लिहून ठेवा. नाव माहीत नसलेली गोष्ट नाहीशी झाली तरी कोणाला तिची उणीव भासत नाही. नियम सोपे झाले तर ते पाळले जातील. पाळले गेले तर मासा टिकेल. आणि मासा टिकला तर त्या वहीतील नावे उद्याच्या मुलांनाही नदीत भेटतील.