भीती जाते कुठे?

समजा, घरातील एखादी मुलगी लिफ्टमध्ये अडकली. दहा मिनिटांत तिची सुटका झाली, इजाही झाली नाही. परंतु त्या दिवसापासून लिफ्टचे दार लागल्याचा आवाज आला, तरी तिची छाती धडधडू लागते. पुढे बसचे, मग खोलीचेही बंद दार तिला सोसवेनासे होते. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘‘अगं, एवढं काय घाबरायचं? मन घट्ट कर.’’ सल्ला मायेचा असतो, तरीही तो लागू पडत नाही. असे का व्हावे?

निरुपद्रवी संकेताची धोक्याशी गाठ पडून तो संकेतच भयप्रद होणे, यास मानसशास्त्रात भय-अभिसंधान म्हणतात. १९२० साली अमेरिकेत वॉटसन व रेनर यांनी अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवताना त्याच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारला. असे काही वेळा होताच ते बाळ नुसत्या उंदराला पाहूनही रडू लागले. असा निर्दय प्रयोग आज कोणीही मान्य करणार नाही.

आता प्रौढ व्यक्ती स्वेच्छेने एमआरआय यंत्रात झोपते आणि तिला दोन रंगांचे चौकोन दाखवले जातात. त्यांपैकी एका रंगानंतर कधीकधी मनगटाला सौम्य विजेचा झटका बसतो. तो किती सोसेल, हे तीच व्यक्ती आधी ठरवते. मेंदूच्या कोणत्या भागात रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते, हे यंत्र टिपत असते. १९९८ साली अशा प्रयोगात बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डला’ हा भाग उद्दीपित झालेला दिसला. मात्र २०१६ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला असता, अमिग्डलापेक्षा मेंदूच्या इतर काही भागांचा सहभाग अधिक सातत्याने आढळला. भीतीचे एकच केंद्र असते, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरली.

खरे महत्त्व पुढील टप्प्याला आहे. तोच रंग झटक्याविना वारंवार दाखवला की भीती ओसरते. पण ती पुसली जात नाही. काही काळाने किंवा जागा बदलताच ती पुन्हा डोके वर काढते. म्हणजे जुनी आठवण तशीच राहते आणि तिच्या शेजारी ‘येथे धोका नाही’ ही नवी आठवण तयार होते. ही नवी आठवण जागी होताना कपाळामागील मेंदूचा खालचा मधला भाग आणि स्थळ-प्रसंगांची नोंद ठेवणारा हिप्पोकॅम्पस कार्यरत असतात, हे मिलाद व सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले. मोठ्या आघातानंतर मनोविकार जडलेल्यांना हीच सुरक्षिततेची आठवण दुसऱ्या दिवशी नीट जागी करता येत नाही, असे त्यांना २००९ साली आढळले. तीव्र भयाचे झटके येणाऱ्या रुग्णांत भीती मूळ संकेताशी केवळ साम्य असलेल्या गोष्टींवरही पसरते, असे लिसेक व सहकाऱ्यांनी २०१० साली नोंदवले. लिफ्टची भीती खोलीच्या दारापर्यंत कशी पोहोचते, हे यावरून समजते.

मन घट्ट करण्याच्या आज्ञेने सुरक्षिततेची आठवण तयार होत नाही. ती अनुभवानेच तयार होते. म्हणून रागावणे निरुपयोगी आहे, तसेच तिला कायम जिन्याने नेणेही हिताचे नाही. टाळण्याने नव्या अनुभवाची संधीच हिरावली जाते. तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली आज दाराशी उभे राहावे, उद्या दार उघडे ठेवून आत जावे, मग सोबतीने एक मजला चढावा आणि शेवटी एकटीने जावे. हाच सराव वेगवेगळ्या इमारतींत करावा, कारण नवी आठवण जागेशी जखडलेली असते. मध्येच भीती परतली, तर उपचार फसले असे मानू नये.

आणखी एक सूचना. चिंताविकाराचे निदान आजही रुग्णाशी बोलूनच होते. मेंदूच्या अशा प्रतिमेवरून ते होत नाही. म्हणून केवळ भीतीचे निदान व्हावे, यासाठी खर्चीक तपासणीचा हट्ट धरू नये. भीतीमुळे शिक्षण, नोकरी किंवा झोप बिघडू लागली, तर संकोच न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. घरच्यांनी मात्र तिच्या भीतीला खोटी म्हणू नये आणि तिच्यासोबत त्या दारापर्यंत अवश्य जावे.