आवाराची ठेंगणी भिंत आणि तिची झाडे

बसण्याच्या खुर्चीची उंची साधारणतः 18 इंच असते. घरापुढील आवारभिंत दीड ते दोन फूट उंचीची ठेवली आणि तिचा माथा सपाट, वीतभर रुंद असला, की रस्त्याने जाणाऱ्यास ते आयतेच आसन होते. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीचा कट्टा अशाच ठेंगण्या भिंतीमुळे मुंबईकरांची आवडती बैठक झाला. तेथे मैदान सर्वांचे आहे. परंतु तसाच कट्टा एखाद्या कुटुंबाच्या निजण्याच्या खोलीसमोर आला, तर रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा, पिचकाऱ्यांचे डाग आणि रिकामी वेष्टने ही त्या घराची नित्याची डोकेदुखी होऊन बसते. रोज उठून कोणाशी वाद घालावा, हाही प्रश्नच असतो. दुकान आणि घर एकाच गल्लीत असलेल्या कुटुंबास तर शेजाराशी वितुष्ट परवडत नाही. म्हणून झाडांचा उपाय सुचतो, आणि तो चांगला आहे. मात्र झाड निवडण्यापूर्वी काही विचार आवश्यक आहे.

प्रथम आठवडाभर पाहावे की, भिंतीवर बसते कोण. दुपारी भाजीची पाटी क्षणभर टेकवणारी बाई, फिरून दमलेले आजोबा, शाळेच्या बसची वाट पाहणारी आई आणि रात्री अकरापर्यंत रेंगाळणारे टोळके यांना एकाच मापाने मोजता येत नाही. झाड वेळ किंवा माणूस पाहून अडवीत नाही. भिंतीच्या माथ्यावर काचा किंवा खिळे रोवणे तर सर्वथा अनुचित होय. दोन फुटांच्या भिंतीवर त्यांची पहिली इजा हात फिरवीत चालणाऱ्या लहान मुलासच होणार. बोचणाऱ्या झाडापेक्षा जागा व्यापणारे झाड श्रेष्ठ, हे सूत्र ध्यानी धरावे.

जागा व्यापण्याचा सोपा मार्ग म्हणजे माथ्यावर लांबट कुंड्या पक्क्या बसविणे. पाणी झिरपण्याची छिद्रे बागेच्या बाजूस ठेवावीत, म्हणजे भिंतीचा दर्शनी भाग ओघळांनी खराब होत नाही. उथळ कुंडीतील माती वैशाखाच्या उन्हात लवकर वाळते; तेथे कोरफड उत्तम टिकते. तिची पाने पाणी साठवितात आणि कडेचे बारीक दाते बसू पाहणाऱ्यास पुरेशी सूचना देतात. मधल्या जागेत चिनी गुलाब लावल्यास रंगही येतो. कुंडी खोल असेल आणि रोज पाणी घालणे शक्य असेल, तर गवती चहा लावावा. त्याची खरखरीत, लांब पाती माथ्यावर झुकतात आणि स्वयंपाकघरासही उपयोगी पडतात.

दुसरा मार्ग भिंतीच्या आतील बाजूस, जमिनीत झुडपे लावण्याचा. काटेकोरांटी कमी पाण्यावर वाढते, पिवळी फुले देते आणि तिचे काटे पानांच्या बेचक्यात असतात. करवंदाचे झुडूप चिवट. पांढरी सुगंधी फुले आणि उन्हाळ्यात फळे देणारे. त्याचे काटे मात्र कठीण असतात, म्हणून छाटणी नियमित हवी. बोगनवेलीस भरपूर ऊन लागते आणि पाणी बेताचे दिले तर ती अधिक बहरते. पण मोकळी सोडल्यास पसरते. ही झुडपे भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर लावावीत, म्हणजे छाटणीस जागा राहते आणि भिंतीशी ओल साचत नाही. काटेरी फांदी माथ्याच्या पलीकडे जाऊ देऊ नये. पदपथ चालणाऱ्यांचा आहे. तेथे काटा कोणाच्या डोळ्यास लागला तर त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

काही झाडे या जागी टाळलेली बरी. कण्हेर सुंदर असली तरी तिचे सर्व भाग विषारी असतात. मुलांच्या हाताच्या उंचीवर ती नको. घाणेरी बागेबाहेर पसरून रान माजविते. घायपाताच्या पानाचे टोक सुईसारखे असते आणि ठेंगण्या भिंतीजवळ ते नेमके बालकाच्या चेहऱ्यापाशी येते. काटेरी युफोर्बियाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो.

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करावी. झुडपांचे दाट कुंपण होण्यास दोन-एक वर्षे लागतात. तोवर माथ्यावरील कुंड्या काम भागवितात. एखाद्याने रोप उपटले, तर त्याच दिवशी दुसरे लावावे. रिकामी राहिलेली जागा पुन्हा बैठकीची होते.

आणखी एक गोष्ट करण्याजोगी आहे. जुन्या वाड्यांच्या दाराशी ओटा असे आणि वाटसरू त्यावर विसावा घेई. फाटकालगत, घरातून सहज दिसेल अशा ठिकाणी, दोघांपुरता दगडी बाक ठेवावा. रात्री तेथे दिवा असावा. टोळक्यास तो अपुरा पडतो आणि उजेडात रेंगाळणे नकोसे होते. भाजीवालीस व आजोबांस मात्र तो पुरतो. मग उरलेली भिंत निःशंकपणे झाडांच्या स्वाधीन करता येते.